वुडवर्डवरचं क्रूझिंग आणि ड्राइव्ह-इन: ते दिवस पाहिलेलं कुणी आहे का इथे?

खंबाटकी_पलीकडे:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे आणि पाल्हाळ लागणार आहे, आधीच माफी मागतो.

आम्ही डेट्रॉईटच्या उत्तरेला रॉयल ओकमध्ये राहतो, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत. यंदा एप्रिलपासून बाबा आलेत साताऱ्याहून, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाबांचं गॅरेज होतं, पस्तीस वर्षं फियाट आणि अँबेसेडर खोलल्या त्यामुळे हात शांत बसत नाहीत, आल्या आल्या आठवड्याभरात घरातली सगळी कुरकुरणारी दारं गप्प केली आणि मग करायला काहीच उरलं नाही.

शेजारी एक अमेरिकन आजोबा आहेत, ७९ वर्षांचे, एकटेच असतात. त्यांच्याकडे १९३२ ची फोर्ड कूपे आहे, हॉट रॉड. म्हणजे मडगार्ड काढून टाकलेत, टप तीन इंच कापून खाली घेतलाय, बॉनेटच्या बाजूचे पत्रे गायब, आणि आत फोर्डचं इंजिन नाहीच, शेवरलेचं व्ही-८ आहे. बाबा चार दिवस कुंपणाशी मागे हात बांधून नुसते बघत उभे. पाचव्या दिवशी आजोबांनी गाडी चालू केली तर बाबा मला म्हणतात, "त्यांना सांग, तिसऱ्याचं टॅपेट वाजतंय." मी म्हटलं जाऊ द्या ना, कशाला. तर स्वतःच गेले, लांब स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, एक टोक इंजिनाला आणि दांडा कानाला लावून दाखवलं. आजोबांनी कव्हर उघडलं. तिसरं नव्हतं, पाचवं होतं, पण टॅपेटच होतं. त्या दिवसापासून बाबा सकाळचा चहा घेऊन तिकडेच. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी, तरी दिवस दिवस बोलतात काय ते देव जाणे.

आता मुद्दा. हे आजोबा त्यांच्या तरुणपणाचं काही सांगायला लागले की थांबतच नाहीत. १९६२-६३ ला म्हणे रोज संध्याकाळी टोटेम पोल नावाच्या ड्राइव्ह-इनपासून (म्हणजे गाडीतच बसून खायचं हॉटेल) निघायचं, वुडवर्डने वर टेड्स नावाच्या ड्राइव्ह-इनपर्यंत जायचं, मधे साधारण नऊ-दहा मैल, तिथे अर्धा तास गाडीतच बसून कोक आणि फ्रेंच फ्राइज, मग परत उलटं. असं रात्री बारापर्यंत. पेट्रोल गॅलनला तीस सेंटच्या आसपास. मी हे सगळं भाषांतर करून बाबांना सांगितलं तर बाबांनी एकच प्रश्न विचारला, "पण जायचे कुठं?" मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, कुठेच नाही. आणि त्यांचे डोळे भरून आले राव. लग्नाच्या वेळी त्यांनी पहिली गाडी विकली होती, ही रिटायर झाल्यावर घेतलीय, ती नव्हेच पण तसलीच.

तर विचारायचं असं की हे नक्की काय प्रकरण होतं? नुसतं वर-खाली फिरण्यात असं काय होतं की साठ वर्षांनी माणूस रडतो? त्या काळात आलेल्या आपल्या लोकांपैकी कुणी पाहिलंय का? आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची फेरी) असते त्याला आजोबा बाबांना शेजारी बसवून न्यायचं म्हणतायत, बाबा ७२ वर्षांचे आहेत, ऊन, गर्दी, बाथरूम वगैरे कितपत झेपेल?

टॉर्क_पाटील:

भावा, तू वुडवर्डपासून दोन गल्ल्यांवर राहतोस आणि हा प्रश्न विचारतोस म्हणजे पंढरपुरात घर घेऊन वारी कशाला असते विचारल्यासारखं आहे :)

मी ट्रॉयला असतो, गाड्यांच्याच धंद्यात, त्यामुळे थोडं तांत्रिक सांगतो. हे सगळं वुडवर्डवरच का झालं याला कारण रस्ता आहे. एकतर हा देशातला जुना नावाजलेला रस्ता, १९०९ साली सिक्स माइल ते सेव्हन माइल (ही आडव्या रस्त्यांची नावं) हा एक मैल काँक्रीटचा केला होता, गावाबाहेरच्या हमरस्त्याचा काँक्रीटचा पहिला मैल म्हणून तो सांगतात. दुसरं म्हणजे उपनगरात तो प्रचंड रुंद आहे आणि मधे गवताचा दुभाजक. मिशिगनमध्ये सिग्नलला डावीकडे वळायच्या ऐवजी पुढे जाऊन दुभाजकाच्या फटीतून यू-टर्न मारतात ना, तेच इथे कामाला आलं. कंटाळा आला की मार यू-टर्न, समोरून कुणी चांगली गाडी (किंवा चांगली मुलगी) गेली की मार यू-टर्न. साध्या रस्त्यावर हे जमत नाही. आणि सिग्नल ते सिग्नल सरळ रेष, म्हणजे हिरवा लागला की रेस. बेकायदेशीर अर्थात.

तिसरी गंमत म्हणजे कंपन्यांचे इंजिनिअरच रात्री इथे यायचे. पाँटिअ‍ॅकचा कारखाना याच रस्त्याच्या वरच्या टोकाला. १९६४ ची जीटीओ घे. जीएमचा (जनरल मोटर्स, पाँटिअ‍ॅकची मालक कंपनी) नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅकचा मुख्य इंजिनिअर जॉन डेलोरियन आणि त्याच्या लोकांनी काय केलं, नवीन मॉडेल म्हणून आणलंच नाही, टेम्पेस्ट गाडीचं "ऑप्शन" म्हणून ३८९ चं इंजिन दिलं, तीनशे डॉलरच्या आत. ऑप्शनला वरच्यांची परवानगी लागत नव्हती. वरच्यांना कळेपर्यंत गाड्या विकल्या गेल्या होत्या. असल्या गाड्यांचं खरं ग्राहक म्हणजे तुझ्या आजोबांसारखी पोरं, आणि ती पोरं याच रस्त्यावर सापडायची. पण हे झालं मसल कार, कंपनीतून येतानाच जोरदार. हॉट रॉड त्याच्या आधीचा, भंगारातून आणलेली जुनी फोर्ड घरी कापून-जोडून केलेला. तुझ्या बाबांना तोच आवडणार, बरोबर आहे.

शनिवारसाठी: सकाळी आठच्या आत निघा, दुपारी गाड्या अक्षरशः रांगतात. खुर्च्या, टोपी, पाणी. बाथरूम तुमच्या घरीच, एवढं सुख कुणालाय. ही ड्रीम क्रूझ तशी नवीन, १९९५ ला फर्नडेलमध्ये पोरांच्या सॉकर ग्राऊंडसाठी पैसे जमवायला काढली होती, तिचं हे असं झालं.

व्हॅलियंट_काका:

मी आलो १९७० च्या जानेवारीत. वेन स्टेटला मास्टर्स करायला, खिशात आठ डॉलर, तेवढेच न्यायला परवानगी होती. त्यामुळे खरा जमाना माझ्या आधीचा, पण शेवटची दोन-तीन वर्षं मी पाहिली आहेत. टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या.

७१ च्या उन्हाळ्यात पहिली गाडी घेतली, १९६४ ची प्लिमथ व्हॅलियंट, त्यात गिअरचा दांडा नव्हता, डॅशबोर्डवर डावीकडे बटणं होती, दाबायची. इंजिन सहा सिलिंडरचं तिरकं बसवलेलं, कधी मरायचं नाही आणि कधी पळायचंही नाही. आम्ही चार मुलं, दोन मराठी, एक गुजराती, एक तेलुगू, शुक्रवारी रात्री तिच्यात बसून वुडवर्डला जायचो. बाजूला एखादी मस्टँग किंवा रोडरनर येऊन उभी राहायची, आतली पोरं आमच्याकडे बघून इंजिन रेस करायची, आणि मीही करायचो. आमचा आवाज शिलाई मशीनसारखा. ती हसायची, आम्हीही हसायचो, सिग्नल सुटला की ती दिसेनाशी व्हायची.

तुम्ही विचारता काय होतं त्यात. दुसऱ्यांचं माहीत नाही, माझं सांगतो. तेव्हा कुठल्याही हॉटेलात शिरलं की सगळे वळून बघायचे. वाईट वागायचे असं नाही, पण बघायचे. आणि मेनूकार्डातलं अर्धं कळायचं नाही, शाकाहारी म्हणजे काय ते वेट्रेसला कळायचं नाही. ड्राइव्ह-इनला तसं नव्हतं. अंधारात आपल्या गाडीत बसायचं, खांबावरच्या स्पीकरमध्ये बोलायचं, मग कारहॉप मुलगी ट्रे घेऊन यायची. काच थोडीशी वर ठेवायची, तिच्यावर ट्रे अडकवायची. काच पूर्ण खाली ठेवली तर ट्रे मांडीवर, हे मी एकदा करून पाहिलं आहे. मी "मीट नको" सांगून बर्गर मागवला, तर नुसता पाव, त्यात काकडीचं लोणचं आणि केचप, आणि पैसे पूर्ण. नंतर ग्रिल्ड चीझ शिकलो. पण त्या गाडीत आम्ही मराठीत बोलायचो, डब्यातली चटणी काढून त्या चीझ सँडविचला लावायचो, आणि शेजारच्या गाडीत कोण काय करतंय हे आम्हाला दिसायचं पण आम्ही कोण हे कुणी विचारायचं नाही. सगळे आपापल्या पेटीत बसलेले आणि तरी सगळे एकत्र. मला या देशात बाहेर बसून जेवायला त्या ड्राइव्ह-इनने शिकवलं.

आणि रेडिओ. नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरचं सीकेएलडब्ल्यू स्टेशन होतं, ८०० वर लागायचं, फार ताकदीचं. सगळ्या गाड्या तेच लावायच्या. त्यामुळे रांगेतून चालत गेलात तर एकच गाणं एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायचं, मधे तुटायचंच नाही.

रूट बिअर (नावालाच बिअर, खरं तर कोल्ड्रिंक) एकदा घेतली. आयोडेक्स चोळलेल्या पाठीची चव. परत घेतली नाही.

मग ७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल बंद केलं. पंपावर रांगा लागल्या, ७४ पासून देशभर ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आमच्या कंपनीतून माणसं काढायला लागले. रिकामं फिरणं त्यानंतर जिवावर आलं. व्हॅलियंट ७६ ला विकली.

कडू_कारलं:

काका, सुंदर. पण बाकी मंडळींना थोडं कडू देतो. या "सोनेरी दिवसां"त एट माइलच्या दक्षिणेला कोण होतं आणि उत्तरेला कोण, हेही बघा. एट माइल रोड म्हणजे डेट्रॉईट शहराची हद्द. हे टोटेम पोल, टेड्स सगळे उत्तरेला, गोऱ्या उपनगरांत. १९६७ च्या जुलैत शहरात दंगल झाली, ४३ माणसं गेली, त्यानंतर गोरे अजून वर सरकले. काळ्या पोराने रात्री ११ ला बर्मिंगहॅमसारख्या उपनगरात निवांत यू-टर्न मारून बघायचा होता, मग कळलं असतं कुठे जायचंय ते. शिवाय ते सिग्नलचे शर्यतींचे अपघात, विम्याचे हप्ते असे वाढले की विशीतल्या पोराला ती गाडी परवडेनाशी झाली, तेलाच्या आधीच. आणि शिशाचं पेट्रोल जाळत रोज रात्री साठ-सत्तर मैल कुठेही न जाता... असो.

टॉर्क_पाटील:

@कडू_कारलं मुद्दा मान्य, पण मग ब्लॅक घोस्टची गोष्टही सांग की. गॉडफ्री क्वॉल्स, आफ्रिकन-अमेरिकन माणूस, डेट्रॉईट पोलिसात नोकरीला. त्याने काळी १९७० ची डॉज चॅलेंजर घेतलेली, ४२६ चं हेमी इंजिन. रात्री यायचा, रेस जिंकायचा, निघून जायचा, मग कित्येक महिने गायब. कोण आहे कुणालाच माहीत नाही, म्हणून गाडीचंच नाव पडलं भूत. पोलीसच रेस लावतोय म्हटल्यावर तो कशाला नाव सांगेल! २०१५ ला तो वारला, गाडी मुलाकडे गेली, २०२० ला ती राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या यादीत आली आणि २०२३ च्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. म्हणजे रस्ता एकट्या गोऱ्यांचा नव्हता, पण हो, त्याला भूत होऊन यावं लागलं हे तुझंच म्हणणं झालं.

कडू_कारलं:

आता हे मला सुचायला हवं होतं.

बरबँकची_मावशी:

आमच्याकडची पण थोडी भर. हॉट रॉडचं माहेर मिशिगन नाही हं, दक्षिण कॅलिफोर्निया. तिथले कोरडे तलाव आहेत ना वाळवंटात, सपाट, तिथे तीसच्या दशकात पोरं उघडीवागडी केलेली फोर्ड पळवायची, १९३७ ला त्यांची संघटना झाली. १९३२ च्या फोर्डवर सगळ्यांचा जीव का, तर सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ पहिल्यांदा फोर्डने त्याच वर्षी दिलं. मग दहा वर्षांनी त्या गाड्या जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळायला लागल्या, त्यात युद्धावरून परतलेली पोरं, हातात पैसा आणि मशीनचं शिक्षण. हे सगळं मला नवऱ्याने पंधरा वर्षांत पाजलंय, सुटका नाही.

बॉब्स बिग बॉय हे हॉटेल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, १९४९ ची इमारत, शुक्रवारी संध्याकाळी अजून जुन्या गाड्या येतात. आधी मला वाटायचं काय हे म्हातारे बॉनेट उघडून उभे राहतात. मग लक्षात आलं, आमच्या डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जे चालतं तेच हे. नवे कपडे घालून यायचं, बघायचं, दिसायचं, घरी जायचं. कुठे जायचं असं तिथे तरी कोण विचारतं!

आणि एक मजा. ड्राइव्ह-इन कुणी मारलं म्हणाल तर मॅकडॉनल्ड्सनेही. त्या दोघा भावांचं सॅन बर्नार्डिनोला १९४० पासून ड्राइव्ह-इनच होतं, कारहॉप वगैरे सगळं. धंदा जोरात, पण पोरं तासन्‌तास गाड्या लावून बसायची, कपबश्या फुटायच्या, चमचे पळवायची, घरच्या मंडळींना यायला नको वाटायचं. १९४८ ला त्यांनी तीन महिने दुकान बंद ठेवलं, कारहॉप काढून टाकल्या, मेनू कापला, कागदात गुंडाळलेला १५ सेंटचा हॅम्बर्गर, खिडकीतून घ्या आणि निघा. म्हणजे आपण ज्याला मिस करतोय ते बसणं, तेच त्यांना नको होतं.

शर्यतवाल्यांपेक्षा मला लोरायडर आवडतात खरं सांगू तर. पूर्व लॉस एंजेलिसच्या व्हिटिअर बुलेव्हार्डवर मेक्सिकन पोरं गाड्या जमिनीला टेकवून मुंगीच्या वेगाने चालवायची. त्यांच्यावर कॅलिफोर्नियात क्रूझिंगबंदीचे कायदे होते, ते १ जानेवारी २०२४ पासून उठले. हळू चालवायला बंदी, विचार करा.

दादरचा_दिवटा:

आपल्याकडे ड्राइव्ह-इन म्हटलं की लोकांना बांद्र्याचं थिएटर आठवतं, पण गाडीत बसून खाणं काय कमी होतं का. हाजी अलीच्या ज्यूस सेंटरसमोर गाडी लावली की पोऱ्या मेनू घेऊन धावत यायचा. ताजच्या मागे बडे मियाँला तर बॉनेट म्हणजेच टेबल, बाबांच्या पद्मिनीच्या बॉनेटवर बैदा रोटीच्या तेलाचा डाग होता, गाडी विकेपर्यंत गेला नाही. फक्त आपली गाडी मित्राची असायची, मित्राची म्हणजे मित्राच्या काकांची, आणि पेट्रोलला वर्गणी. वुडवर्ड परवडलं नसतं.

खंबाटकी_पलीकडे:

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय, शनिवार झाला. काकांची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, आयोडेक्सला हसले.

तर झालं असं की कूपेमध्ये दोनच सीट, त्यामुळे आजोबा आणि बाबा आत आणि मी फुटपाथवरून सायकलवर, पाण्याच्या बाटल्या घेऊन. पाटीलसाहेबांनी सांगितलेलं आठच्या आत निघा, पण आजोबांना गाडी पुसण्यातच साडेदहा झाले (बाबाही फडकं घेऊन सामील, चाकांच्या नटबोल्टासकट). गर्दी इतकी की मी सायकलवरून त्यांच्या पुढे जाऊन थांबायचो. बाबा खिडकीत कोपर ठेवून असे बसले होते की जणू गाडी त्यांचीच आहे, लोक फोटो काढत होते, बाबा हात करत होते. माझ्या बाबांना असं हात करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

थर्टीन माइलच्या अलीकडे गाडी बंद पडली. भर उन्हात, मधल्या लेनमध्ये. स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही. आजोबा म्हणाले "व्हेपर लॉक", आणि बाबा त्याच क्षणी म्हणाले "व्हेपर लॉक". दोघं एकमेकांकडे बघायलाच लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हळू चालवून इंजिन तापलं की पेट्रोलच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. बाबा म्हणतात खंबाटकीत मे महिन्यात हे रोजचं होतं, अँबेसेडर टॅक्सी ओळीने उभ्या असायच्या. बाबांनी खिशातला मोठा रुमाल काढला, माझ्याकडची बाटली त्यावर ओतली आणि पेट्रोल पंपाला गुंडाळला. आजोबा तोपर्यंत डिकीतून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेऊन आले, सात-आठ, आणि पेट्रोलच्या नळीला ओळीने लावायला लागले. म्हणे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, लाकूड उष्णता ओढून घेतं. बाबांनी मान हलवली, म्हणजे हे थोतांड आहे. आजोबांनी रुमालाकडे बघून तशीच मान हलवली. दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. कशामुळे झाली यावर दोघांचं अजून एकमत नाही, आणि भाषांतर करायला मला बोलवत नाहीत.

पुढे आजोबांनी टोटेम पोल होतं ती जागा दाखवली, आता तसं काही नाही तिथे. थांबले, बोटाने दाखवलं, एवढंच. मग यू-टर्न घेऊन घराकडे निघाले. आमच्या गल्लीचं वळण आलं तेव्हा आजोबांनी इंडिकेटर दिला, तर बाबांनी हात पुढे करून सरळ, सरळ असं दाखवलं.

अजून दोन फेऱ्या झाल्या. मी घरी जाऊन भात लावला.

अवांतर: लाकडी चिमटे इथे कुठे मिळतात? बाबांना साताऱ्याला न्यायचेत. प्लॅस्टिकचे नकोत म्हणाले.